साथीच्या काळात खाण्याच्या गाड्यांचे नियम: आदेश कसा वाचावा, कागद कोणते जपावेत

2021 सालचा पहिला रोजा 14 एप्रिलला होता. त्याच रात्री 8 वाजता राज्य सरकारचा ‘ब्रेक द चेन’चा नवा, जास्त कडक आदेश लागू झाला. शाळा बंदच होत्या. त्या दिवशी दुपारी आमच्या शाळेतल्या एका मुलाच्या अब्बांनी व्हॉट्सॲपवर आदेशाच्या पानांचे फोटो पाठवले आणि लगेच फोन केला. “सर, एवढं वाचून सांगा. गाडी लावायची की नाही?”

ते रमजानमध्ये समोसे, भजी आणि रात्री सीख कबाब विकतात. वर्षभराच्या कमाईचा मोठा भाग त्यांच्या घरात या एका महिन्यात येतो. मोहल्ल्यात कोणी सांगत होतं, सगळं बंद आहे. कोणी म्हणत होतं, रमजान आहे, सूट मिळेल. आदेशात या दोन्हीपैकी काहीच लिहिलेलं नव्हतं. गाडी बंद करा असं त्यात नव्हतं. गाडीपाशी उभं राहून खाणं बंद होतं. या दोन गोष्टींत एका कुटुंबाच्या महिनाभराच्या रोटीचा फरक आहे.

त्या दोन वर्षांत नेमके कोणते नियम आले, ते कोणत्या कायद्यातून आले, कोणाला मदत मिळाली आणि कोण मागे राहिलं, हे इथे एकत्र मांडलं आहे. पुन्हा अशी वेळ येऊ नये ही दुआ आहेच. पण आली तर आपल्या घरात आदेश वाचता येणारा एक माणूस आणि कपाटात कागदांची एक फाईल असायला हवी.

हे तात्पुरते नियम येतात कुठून?

साथीच्या काळातले स्थानिक नियम मुख्यतः दोन कायद्यांतून येतात.

पहिला आहे साथरोग कायदा, 1897. तो मुंबईतूनच जन्माला आला. 1896 मध्ये मांडवी भागात प्लेग पसरला आणि पुढच्या वर्षी इंग्रज सरकारने हा छोटासा कायदा केला. नेहमीचे कायदे अपुरे पडतात असं वाटलं तर राज्य सरकार या कायद्याखाली तात्पुरते नियम करू शकतं. महाराष्ट्राने मार्च 2020 मध्ये तो लागू केला.

दुसरा आहे आपत्ती व्यवस्थापन कायदा, 2005. याखाली देशपातळीवर, राज्यात आणि जिल्ह्यात प्राधिकरणं असतात. जिल्ह्याच्या प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. कोरोनाच्या काळात महापालिका हद्दीत आयुक्तांचे आदेश चालले, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांचे. म्हणून ठाण्यात एक नियम आणि शेजारच्या गावात दुसरा, असं होत होतं. त्यात चूक काही नव्हती, कायद्याची रचनाच तशी आहे.

याशिवाय जमावबंदीचं कलम होतं. तेव्हा त्याला 144 म्हणायचे. 1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले, त्यात ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 163 झालं. तसंच सरकारी आदेश मोडल्याबद्दलचं जुनं कलम 188 आता भारतीय न्याय संहितेचं कलम 223 आहे. जुन्या कलमात साध्या उल्लंघनाला एक महिन्यापर्यंत कैद किंवा 200 रुपये दंड होता. लोकांच्या जिवाला धोका होत असेल तर सहा महिने किंवा 1000 रुपये. नव्या कलमात ही मर्यादा अनुक्रमे सहा महिने किंवा 2500 रुपये, आणि एक वर्ष किंवा 5000 रुपये अशी वाढली आहे. दोन्ही शिक्षा एकत्रही होऊ शकतात. म्हणजे पुढच्या वेळी आदेश मोडणं आधीपेक्षा महाग पडेल.

दोन वर्षांत नियम कसे बदलत गेले

मार्च 2020: 25 मार्चपासून देशभर लॉकडाऊन. किराणा, भाजी, फळं, दूध, मांस-मासळी यांना सूट होती. शिजवलेलं अन्न विकणाऱ्या गाड्यांना त्या यादीत जागा नव्हती. त्या वर्षीचा रमजान आपल्याकडे 25 एप्रिलला सुरू झाला आणि तो पूर्ण महिना लॉकडाऊनमध्ये गेला.

ऑक्टोबर 2020: 5 ऑक्टोबरपासून हॉटेलं आणि रेस्टॉरंट निम्म्या क्षमतेने उघडली. त्याआधी पार्सल आणि घरपोच एवढंच चालत होतं.

एप्रिल 2021: दुसरी लाट. 5 एप्रिलच्या रात्री 8 पासून निर्बंध आले. 14 एप्रिलच्या रात्री 8 पासून ते आणखी कडक झाले. आधी ते 1 मेच्या सकाळी 7 पर्यंत होते, मग 15 मे आणि पुढे 1 जूनपर्यंत वाढले. मधल्या काळात, 20 एप्रिलच्या आदेशाने किराणा, भाजी, फळं, बेकरी, चिकन-मटणाची दुकानं यांची वेळ सकाळी 7 ते 11 एवढीच झाली. घरपोच सेवा मात्र रात्री 8 पर्यंत देता येत होती.

जून 2021: जिल्ह्यांचे आणि शहरांचे पाच स्तर. चाचण्यांत किती टक्के लोक बाधित निघतात आणि ऑक्सिजनचे किती बेड भरले आहेत, या दोन आकड्यांवर स्तर ठरत होता. तिसऱ्या स्तरात रेस्टॉरंटमध्ये सोमवार ते शुक्रवार दुपारी 4 पर्यंत निम्म्या क्षमतेने बसता येत होतं. चौथ्या स्तरात फक्त पार्सल आणि घरपोच, पाचव्यात फक्त घरपोच.

ऑगस्ट 2021 नंतर: वेळा वाढत गेल्या. रेस्टॉरंटना आधी रात्री 10, मग ऑक्टोबरमध्ये 12 पर्यंत परवानगी मिळाली.

एप्रिल 2022: गुढीपाडव्याच्या तोंडावर राज्यातले कोरोनाचे निर्बंध उठले. त्या वर्षी पहिला रोजा 3 एप्रिलला होता. मिनारा मशिदीच्या गल्लीत दोन वर्षांनी कढया पुन्हा चढल्या.

रस्त्यावरच्या गाड्यांसाठी नेमका नियम काय होता?

एप्रिल 2021 च्या आदेशात रस्त्यावर खाद्यपदार्थ विकणाऱ्यांसाठी वेगळा भाग होता. बऱ्याच जणांनी तो वाचलाच नाही. त्यातले मुद्दे असे होते:

1. गाडीपाशी बसून किंवा उभं राहून खायला द्यायचं नाही. पार्सल किंवा घरपोच चालेल, रोज सकाळी 7 ते रात्री 8.
2. थांबलेल्या गिऱ्हाइकांना गाडीपासून दूर, एकमेकांत अंतर ठेवून उभं करायचं.
3. नियम मोडला तर ती जागा साथ संपेपर्यंत बंद होऊ शकते.
4. काम करणाऱ्या सगळ्यांनी केंद्र सरकारच्या निकषांप्रमाणे लवकरात लवकर लस घ्यायची.
5. स्थानिक प्रशासनाने माणसं नेमून किंवा सीसीटीव्हीने लक्ष ठेवायचं. दंड विक्रेत्याला होईल आणि गिऱ्हाइकालाही.
6. वारंवार नियम मोडले जात आहेत आणि दंडाने फरक पडत नाही असं दिसलं, तर प्रशासन त्या भागातल्या गाड्या बंद करू शकतं.

पाचव्या आणि सहाव्या मुद्द्याकडे नीट पाहा. दंड गिऱ्हाइकालाही होता. आणि एका गाडीवरच्या गर्दीमुळे अख्ख्या गल्लीचा धंदा बंद होऊ शकत होता. शेजारच्या गाडीवर गर्दी जमली तर “त्याचं तो बघेल” असं म्हणून चालण्यासारखं नव्हतं. ज्या गल्लीतल्या विक्रेत्यांनी आपसांत ठरवून रांगा लावल्या, पार्सल आधी बांधून ठेवली, त्यांनी स्वतःसोबत बाकीच्यांचीही रोजी वाचवली.

रात्री 8 ची वेळ आणि आपला रमजान

एप्रिलच्या मध्यावर मुंबईत सूर्य सातच्या जरा आधी मावळतो. म्हणजे इफ्तारनंतर गाडीवाल्याच्या हातात जेमतेम एक तास उरत होता. मोहम्मद अली रोड असो, नागपूरचा मोमिनपुरा असो की पुण्याचा कॅम्प, रमजानचा खरा बाजार तरावीहनंतर भरतो आणि सहरीपर्यंत चालतो. मालपुवा, फिरनी, कबाब, नल्ली निहारी हा सगळा रात्रीचा धंदा. या नियमाने तो जवळजवळ पूर्ण थांबला.

ज्यांचा माल इफ्तारच्या आधी विकला जातो, म्हणजे समोसे, भजी, दहीवडे, कापलेली फळं, शरबत, त्यांना दुपारी 3 ते 7 ही वेळ पार्सलसाठी मोकळी होती. त्यांचंही नुकसान झालं, पण गाडी पूर्ण उलटली नाही. नियम सगळ्यांना सारखाच होता, मार मात्र धंद्याच्या वेळेप्रमाणे कमी-जास्त बसला.

ज्या अब्बांचा फोन आला होता त्यांनी कबाब बंद ठेवले. समोसे आणि दहीवडे दुपारपासून पार्सलमध्ये दिले. इमारतीतल्या चार घरांच्या ऑर्डर त्यांचा मोठा मुलगा घरपोच देत होता. कमाई आधीच्या वर्षांसारखी झाली नाही. पण दंडाची पावतीही फाटली नाही आणि ईदला मुलांचे कपडे झाले.

पुन्हा असा आदेश आला तर विक्रेत्यांच्या संघटनेने पहिल्याच दिवशी लेखी निवेदन द्यायला हवं. 2021 च्या आदेशांत दुकानांच्या वेळा स्थानिक परिस्थितीप्रमाणे बदलण्याचा अधिकार स्थानिक प्रशासनाला दिलेला होता. पार्सलसाठी वेळ थोडी वाढवून मागणं, गाड्या एका गल्लीत न लावता दोन मैदानांत विभागून लावण्याचा प्रस्ताव देणं, अशा मागण्या नियमात बसतात. “रमजान आहे म्हणून सूट द्या” एवढंच म्हटलं तर अधिकाऱ्याच्या हातात काही येत नाही. “एवढ्या गाड्या, एवढी जागा, एवढं अंतर, रांग सांभाळायला एवढे स्वयंसेवक” असं लिहून दिलं तर त्याला निर्णय घ्यायला आधार मिळतो.

नियम आजार पाहून बनतो

“पार्सल चालतं, मग उभं राहून खाल्लं तर काय बिघडतं?” हा प्रश्न तेव्हा घरोघरी विचारला जात होता. उत्तर सोपं आहे. कोरोना मुख्यतः श्वासातून पसरतो. अन्नातून तो पसरतो असा पुरावा नव्हता. खाताना मास्क काढावा लागतो, लोक जवळ येतात, बोलतात. म्हणून नियमाचा भर गर्दीवर होता, पदार्थांवर नव्हता.

पटकी, कावीळ किंवा गॅस्ट्रोची साथ असेल तर उलट असतं. तिथे आजार पाण्यातून आणि हातांतून पोटात जातो. मग प्रशासनाचं लक्ष बर्फ, उघडी कापलेली फळं, उसाचा रस, चटणी आणि पाण्याच्या पिंपाकडे जातं. अशा वेळी पार्सल बांधून दिल्याने काहीच सुटका नाही, कारण दोष पाण्यात असतो. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रोडच्या परिसरात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा संशय दूषित पाण्यावर होता आणि पाणी उकळून प्या, उघड्यावरचं आणि कच्चं अन्न टाळा असं सांगितलं गेलं.

म्हणून साथ आली की गाडीवाल्याने आधी विचारावं: हा आजार श्वासातून जातो की पाण्यातून? उत्तर मिळालं की नियम काय येणार याचा अंदाज येतो, तयारी आधीच करता येते. श्वासाचा आजार असेल तर अंतर, मास्क, पार्सल. पाण्याचा असेल तर उकळलेलं पाणी, झाकण, साबण, आणि बर्फ बंद.

दीनच्या बाजूनेही हे आपल्याला नवं नाही. साथ असलेल्या गावात जाऊ नये आणि तिथे असलो तर तिथून बाहेर पडू नये, ही प्रेषितांची (स.) शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. स्वच्छतेचं तर सांगायलाच नको. गिऱ्हाइकाला आजारी पाडणारी कमाई बरकतीची कशी होईल?

काही तात्पुरते नियम सूट देणारेही असतात

तात्पुरता नियम म्हणजे बंदीच, असा आपला समज झाला आहे. तो अर्धाच खरा आहे. एप्रिल 2020 च्या मध्यावर केंद्राने नव्या सूचना काढल्या. त्यांत महामार्गांवरचे ढाबे आणि ट्रक दुरुस्तीची दुकानं ठरावीक अंतर ठेवून 20 एप्रिलपासून चालू ठेवायला परवानगी होती. कारण धान्य, औषधं नेणाऱ्या ट्रक ड्रायव्हरांना वाटेत जेवण मिळत नव्हतं.

अमेरिकेत हाच प्रश्न फूड ट्रकने सोडवला गेला. तिथल्या मोठ्या आंतरराज्य महामार्गांच्या विश्रांतीथांब्यांवर खासगी विक्रीला एरवी कायद्याने बंदी आहे. पण रेस्टॉरंट बंद झाली आणि मालवाहू ट्रकवाले उपाशी राहू लागले. तेव्हा एप्रिल 2020 मध्ये तिथल्या महामार्ग प्रशासनाने जाहीर केलं की आणीबाणी असेपर्यंत एखाद्या राज्याने थांब्यांवर फूड ट्रकना परवानगी दिली तर त्या राज्यावर कारवाई होणार नाही. सूट आणीबाणीपुरती होती.

दोन्हीकडे सूट मिळाली कारण गरज कोणाची आणि कुठे आहे हे स्पष्ट दिसत होतं. आपल्याकडेही हॉस्पिटलबाहेर रुग्णांच्या नातेवाइकांना जेवण देणाऱ्या गाड्या असतात. अशा ठिकाणी सूट मागायची तर ती या भाषेत मागता येते.

मदत कोणाला मिळाली? कागद असणाऱ्याला

13 एप्रिल 2021 ला निर्बंध जाहीर करताना मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी मदतीचीही घोषणा केली. त्यात राज्यातल्या नोंदणीकृत 5 लाख फेरीवाल्यांना प्रत्येकी 1500 रुपये होते. ‘नोंदणीकृत’ हा शब्द महत्त्वाचा. जो वीस वर्षं त्याच कोपऱ्यावर गाडी लावतो पण ज्याच्या नावावर नोंद नाही, तो या यादीत बसत नव्हता. दंडासाठी मात्र नोंदणी लागत नाही.

1 जून 2020 ला केंद्राने पीएम स्वनिधी योजना सुरू केली. त्यात पथविक्रेत्यांना तारणाशिवाय आधी 10,000, ते वेळेत फेडलं तर 20,000 आणि पुढे 50,000 रुपयांचं कर्ज होतं. वेळेत हप्ते भरणाऱ्याला व्याजात 7 टक्के सवलत मिळत होती. ज्यांच्याकडे विक्री प्रमाणपत्र नव्हतं त्यांच्यासाठीही एक वाट होती: नगरपालिकेचं किंवा महापालिकेचं शिफारस पत्र. 2025 च्या ऑगस्टमध्ये योजना 31 मार्च 2030 पर्यंत वाढवली गेली आणि पहिल्या दोन हप्त्यांची रक्कम 15,000 आणि 25,000 करण्यात आली.

हे कर्ज व्याजाचं आहे, हे लक्षात असू द्या. सवलत मिळाली तरी व्याज राहतंच. आपल्यातली बरीच कुटुंबं यापासून दूर राहतात, तो त्यांचा निर्णय आहे. पण कर्ज नको म्हणून नोंदणीही करायची नाही, ही चूक करू नका. नोंदणी वेगळी, कर्ज वेगळं. ज्या वस्तीत बैतुलमाल किंवा बिनव्याजी पतसंस्था चालते, तिथेही ओळखीचा आणि धंद्याचा कागद मागतातच.

पथविक्रेता कायदा 2014: तुमचे हक्क

साथीचे नियम तात्पुरते असतात. हा कायदा कायमचा आहे. 1 मे 2014 पासून तो लागू आहे. त्यातल्या उपयोगी गोष्टी:

- दर पाच वर्षांनी निदान एकदा विक्रेत्यांचा सर्व्हे झाला पाहिजे. सर्व्हे होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत आधीपासून बसणाऱ्यांना हटवता येत नाही.
- पात्र विक्रेत्याला विक्री प्रमाणपत्र मिळतं. धंदा स्वतः किंवा घरच्या माणसाने करायचा असतो, जागा दुसऱ्याला भाड्याने देता येत नाही.
- विक्रेता वारला किंवा कायमचा आजारी झाला तर मुदत संपेपर्यंत पत्नीला, पतीला किंवा अवलंबून असलेल्या मुलाला धंदा चालवता येतो. कोरोनात घरचा कमावता गेला अशा किती घरांना हे माहीत होतं?
- जागेवरून हटवायचं असेल तर 30 दिवसांची नोटीस द्यावी लागते.
- माल जप्त केला तर यादी दिली पाहिजे. नाशवंत माल मागणी केल्यावर त्याच दिवशी आणि बाकीचा दोन कामाच्या दिवसांत परत द्यायचा असतो, ठरलेलं शुल्क भरून.
- शहर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांचे, निवडणुकीने आलेले असतात. त्यांत एक तृतीयांश महिला असतात. मागासवर्गीय, अल्पसंख्याक आणि अपंग विक्रेत्यांनाही त्यात योग्य प्रतिनिधित्व द्यावं असं कायद्यात लिहिलं आहे.
- रेल्वेच्या जागेला हा कायदा लागू नाही.

समितीचा मुद्दा पुन्हा वाचा. गाड्या कुठे लागतील, कुठे नाही, यावर जिथे चर्चा होते तिथे आपल्या मोहल्ल्यातला विक्रेता बसू शकतो. त्यासाठी आधी मतदार यादीत नाव हवं, आणि त्यासाठी सर्व्हेत नाव हवं.

कागदांची फाईल

हातगाडी असो, ठेला असो की मोठा फूड ट्रक, ही फाईल प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवा, आणि तिचे फोटो घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये:

1. आधार कार्ड आणि रेशन कार्ड.
2. विक्री प्रमाणपत्र, ओळखपत्र किंवा सर्व्हेची पावती. नसेल तर शिफारस पत्र.
3. अन्न सुरक्षा नोंदणी. 2011 च्या नियमांनी वर्षाला 12 लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या विक्रेत्यांना पूर्ण परवान्याऐवजी साधी नोंदणी पुरेशी ठरवली होती. कोरोनाच्या काळात तिचं शुल्क वर्षाला फक्त 100 रुपये होतं. आजचं शुल्क अर्ज करताना पाहून घ्या. घरून डबे, बिर्याणी, केक विकणाऱ्या भगिनींनाही ही नोंदणी लागते.
4. स्वतःच्या नावाचं, आधारला जोडलेलं बँक खातं. सरकारी मदत थेट खात्यात येते.
5. महापालिकेने फाडलेल्या पावत्या, अगदी जुन्या दंडाच्यासुद्धा. तुम्ही त्या जागी इतकी वर्षं बसता याचा तो पुरावा असतो.
6. काम करणाऱ्यांच्या आरोग्य तपासणीचे आणि लसीचे कागद.

फूड ट्रकवाल्यांसाठी दोन गोष्टी जास्त. गाडीत स्वयंपाकघर बसवणं म्हणजे वाहनाच्या मूळ रचनेत बदल, त्यासाठी मोटार वाहन कायद्याखाली आरटीओची मंजुरी आणि आरसी बुकात नोंद लागते. आणि घरगुती सिलिंडर धंद्यात चालत नाही, कमर्शियल सिलिंडरच हवा. साथीत तपासणी वाढते आणि अशा वेळी गर्दीचा नियम पाळूनही गाडी या कारणांवरून उचलली जाऊ शकते.

आदेश हातात आला की ही सात वाक्यं शोधा

1. कोणी काढला? राज्य, जिल्हाधिकारी की आयुक्त? खाली सही आणि वर क्रमांक, तारीख आहे का? नसेल तर तो फॉरवर्ड आहे, आदेश नाही.
2. कुठे लागू? पूर्ण जिल्हा, शहर, की फक्त एखादा वॉर्ड?
3. कधीपासून कधीपर्यंत? तारखेसोबत तासही वाचा.
4. आपण कोणत्या गटात? दुकान, रेस्टॉरंट आणि रस्त्यावरचे विक्रेते यांचे नियम वेगळे असतात.
5. काय बंद आणि काय चालू? बसून खाणं, पार्सल, घरपोच हे तिन्ही वेगवेगळे तपासा.
6. दंड कोणाला, किती? भरला तर पावती घ्या. पावतीशिवाय पैसे देऊ नका.
7. आधीचा आदेश रद्द झाला की त्यात भर पडली? राज्याचा आणि स्थानिक आदेश दोन्ही असतील तर दोन्ही वाचा. मे 2021 मध्ये काही जिल्ह्यांनी राज्यापेक्षा कडक निर्बंध लावले होते.

आदेश मराठीत असतो, तरी भाषा अवघड असते. म्हणून घरातल्या नववी-दहावीच्या मुलाला किंवा मुलीला बसवा आणि ही सात उत्तरं कागदावर लिहायला सांगा. शाळेत उताऱ्यावरचे प्रश्न ती रोज सोडवतात, हा उतारा तर घरच्या रोजीचा आहे.

रमजानची तयारी आपण शाबानपासून करतो. बेसन, खजूर, तेल भरून ठेवतो, भांड्यांना कल्हई करून घेतो. त्याच दिवसांत एक संध्याकाळ कागदांसाठी ठेवा. नोंदणीची मुदत संपली आहे का, सर्व्हेत नाव आहे का, बँकेचं खातं चालू आहे का, एवढं पाहा. शेजारच्या गाडीवाल्याला वाचता येत नसेल तर त्याचीही फाईल पाहून द्या. ते अब्बा आता दर शाबानमध्ये आपली फाईल घेऊन येतात. गेल्या खेपेला त्यांनी सोबत आणखी दोन जणांना आणलं होतं.